मुलगी कायम डब्ल्यूसारखे पाय टाकून बसते, पायांवर परिणाम होतो का?

लेकीची_आई_नाशिक

नमस्कार, पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. माझी मुलगी २ वर्षं ४ महिन्यांची आहे. खेळायला बसली की तिचे गुडघे पुढे, पावलं मागे दोन बाजूंना आणि ढुंगण टेकलेलं जमिनीला, वरून बघितलं तर इंग्रजी डब्ल्यू दिसतो. सासूबाई म्हणतात बेडकासारखी बसते. मला आधी काही वाटलं नव्हतं पण पाळणाघरातल्या ताईंनी एक दिवस बाजूला घेऊन सांगितलं की हिचे पाय वाकडे होतील, आणि त्याच रात्री नवऱ्याने एक रील पाठवलं त्यात तर खुबे निखळतात असंच म्हटलंय. तेव्हापासून घरात सगळेजण दिवसभर एकच, पाय पुढे घे, पाय नीट कर, मांडी घाल. ती घालते मांडी पण मिनिटभरात परत तसंच. चालताना तिची दोन्ही पावलं थोडी आत वळलेली असतात आणि पळताना ठेचकाळते. बाकी १३ महिन्यांची असताना चालायला लागली, जिना धरून चढते, बोलते पण भरपूर.

काल काय झालं, ती ठोकळे घेऊन बसायला आली आणि बसण्याआधी माझ्या तोंडाकडे बघून थांबली. बसू की नको असं. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. म्हणून विचारतेय, खरंच एवढं टोकायची गरज आहे का, आणि डॉक्टरकडे जायचं तर कुठल्या, मुलांच्या की हाडांच्या?

दोन_पोरांची_आई

माझा मोठा अगदी तसाच बसायचा, आता ९ वर्षांचा आहे, कबड्डी खेळतो. आपोआप सुटलं ते, शाळेत बेंचवर बसायला लागल्यावर. टोकू नकोस एवढं.

फिजिओ_ठाणे

मी लहान मुलांचीच फिजिओ आहे, १४ वर्षं झाली. आधी हे सांगते की या बसण्याने खुबा निखळत नाही. रीलमध्ये जे सांगतात ते उलटं धरलेलं असतं. म्हणजे असं की लहान मुलांचं मांडीचं हाड वरच्या टोकाला, खुब्याजवळ, जन्मतः पुढच्या बाजूला पिळलेलं असतं, साधारण ४० अंश. वय वाढतं तसं ते हळूहळू उलगडतं आणि मोठेपणी १५ अंशांच्या आसपास येतं. ज्या मुलांत हा पीळ जरा जास्त असतो त्यांचा पाय आतल्या बाजूला सहज वळतो, बाहेर कमी वळतो. अशा मुलाला मांडी घालणं म्हणजे ताण आणि डब्ल्यू म्हणजे आराम. म्हणजे बसण्यामुळे पाय तसा झालेला नसतो, पाय तसा आहे म्हणून मूल तसं बसतं. पावलं आत वळवून चालणं हेही त्यातूनच येतं. मुलींमध्ये जास्त दिसतं आणि पुष्कळदा घराण्यात असतं, तुमच्या आईला विचारून बघा तुम्ही लहानपणी कशा बसायचात.

दुसरं, त्या बैठकीत बूड रुंद टेकतं त्यामुळे तोल सांभाळावा लागत नाही, दोन्ही हात मोकळे राहतात. ठोकळे रचायला एकदम सोयीचं. आम्हाला कॉलेजात शिकवलेलं की याने पोटापाठीचे स्नायू कमजोर होतात, कंबर वळवून पलीकडचं खेळणं घ्यायची सवय लागत नाही. मी स्वतः सुरुवातीची कितीतरी वर्षं आयांना हेच सांगत आले, पण स्नायू त्याने कमजोर होतात असा भक्कम पुरावा मला कुठे सापडला नाही, त्यामुळे आता मी घाबरवत नाही. मी एवढंच बघते की मूल फक्त तसंच बसू शकतं की दुसऱ्या पण दोन-तीन प्रकारे बसतं. तुमची मांडी घालते म्हणताय, ते चांगलं आहे.

कोल्हापूरची_आजी

आमच्या वेळी बाळाला न्हाऊ घालताना बाई पाय असे ओढून ओढून सरळ करायची, मग दुपट्यात पाय जुळवून घट्ट बांधायची, कुणाचे पाय वाकडे झालेले बघितले नाहीत बघा. हल्ली मालिश नीट होत नाही आणि दिवसभर डायपर, त्याने पाय फेंगडे होतात. कडेवर पण लई घेतात पोरांना. बसण्याचं म्हणाल तर मोठ्यांनी सांगितलं तर त्यात वाईट काय, सवय लागते चांगली. माझ्या नातीला मी पाटावर बसवते.

निवृत्त_बालरोगतज्ज्ञ_सोलापूर

आजींच्या पाटाला माझा पूर्ण पाठिंबा, पण पाय ओढून घट्ट बांधायचं मात्र कृपा करून कुणी करू नका. लिहितो सविस्तर कारण ३० वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये याच गोष्टीवर सगळ्यात जास्त समजवावं लागलं.

नवजात बाळाचा खुब्याचा सांधा म्हणजे वाटी आणि गोळा, आणि ती वाटी सुरुवातीला बरीचशी कूर्चेची, मऊ असते. गोळा वाटीत नीट बसलेला राहिला तरच वाटी खोल होत जाते. बाळ पोटात असताना मांड्या वर घेऊन, फाकवून असतं आणि जन्मल्यावर पण काही महिने तसंच राहू बघतं. ते पाय जबरदस्तीने सरळ करून एकमेकांना जुळवून बांधले की गोळा वाटीतून बाहेर सरकायला मदत होते. म्हणून गुंडाळायचं तर छातीपाशी गुंडाळा, खाली पाय हलायला जागा ठेवा. कडेवर घेतल्याने पाय फेंगडे होतात हा समज तर बरोबर उलटा आहे, कडेवर मूल आपल्या कमरेला दोन्हीकडे पाय टाकून बसतं ती खुब्यासाठी उत्तम अवस्था. डायपरचं पण तेच. आणि आजी, तेव्हा वाकडे पाय दिसले नाहीत असं नाही, लंगडत चालणारी एखादी बाई प्रत्येक गावात असायची, लोक म्हणायचे जन्माचीच आहे.

आता पायांचा आकार. मूल उभं राहतं तेव्हा बहुतेकांचे पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले असतात, दीड ते दोन वर्षांपर्यंत ते सरळ व्हायला येतात. मग गाडी तिथे थांबत नाही, उलट्या दिशेला जाते, गुडघ्याला गुडघा लागायला लागतो आणि पावलं लांब राहतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी हे सगळ्यात जास्त दिसतं, तेव्हाच आईबाप धावत येतात. मग ७-८ वर्षांपर्यंत मोठ्या माणसासारखं होतं. हे १९७५ साली शेकडो मुलांचे पाय मोजून आलेखात मांडलेलं आहे, तो आलेख अजून आमच्या पुस्तकात आहे. त्यामुळे वय न सांगता कुणी नुसता पायाचा फोटो दाखवला तर मी उत्तरच देत नाही. दीड वर्षाचं जे नॉर्मल तेच चार वर्षांचं असेल तर तपासायला हवं.

पावलं आत वळण्याचं पण ८ ते १० वर्षांपर्यंत बहुतेकांचं आपोआप सुधारतं. पूर्वी त्यासाठी खास बूट, पट्ट्या, दोन बुटांमध्ये दांडी असं काय काय द्यायचे. मांडीच्या हाडाचा पीळ त्याने बदलत नाही, मुलाला त्रास तेवढा होतो. कुणी हजारोंचे बूट लिहून दिले तर दुसरं मत घ्या.

नवखा_बाबा

डॉक्टर तुम्ही धनुष्य म्हणालात म्हणून विचारतो. मुलगा १ वर्ष ८ महिने, पाय चांगलेच बाहेर वाकलेत, मेडिकलवाल्याने व्हिटॅमिन डी कमी असेल म्हणून ६०,००० वाली छोटी बाटली दिली आठवड्याला एक, पाच झाल्यात. आम्ही १८व्या मजल्यावर राहतो पण मी रोज सकाळी सातला त्याला कोवळ्या उन्हात घेऊन बसतो. अजून किती द्यायच्या?

निवृत्त_बालरोगतज्ज्ञ_सोलापूर

पुढची देऊ नका. आधी तुमच्या डॉक्टरांना भेटा, याच आठवड्यात. ६०,००० युनिट हा औषधाचा डोस आहे, टॉनिक नाही. लहान मुलाला नेहमीसाठी रोजचे ४०० ते ६०० युनिट पुरतात, त्यावरून अंदाज करा. जास्त झालं की रक्तात कॅल्शियम वाढतं, मूल खात नाही, उलट्या, शौचाला कडक, लघवी सारखी सारखी, आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. यातलं काही दिसत असेल तर आजच जा.

मुडदूस, म्हणजे डी किंवा कॅल्शियम कमी पडून हाडं मऊ होण्याचा आजार, असेल तर नुसते पाय वाकडे नसतात. मनगटं जाड, रुंद दिसतात, छातीच्या फासळ्यांवर मण्यांसारख्या गाठी लागतात, दात उशिरा, चालणं उशिरा, मूल मऊ मऊ. आणि ठरवायला रक्ताची तपासणी असते, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, व्हिटॅमिन डी, आणि मनगटाचा किंवा गुडघ्याचा एक्स-रे. आपल्याकडे बऱ्याच मुलांत डी बरोबर आहारातलं कॅल्शियम पण कमी असतं, विशेषतः दूध सोडलेल्या आणि नुसत्या वरणभातावर असलेल्या मुलांत. नाचणीचं सत्त्व द्या, १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं.

आणि सातचं ऊन. कोवळं ऊन छान वाटतं पण व्हिटॅमिन डी बनवणारे यूव्हीबी किरण तेव्हा फारसे पोचत नाहीत, सूर्य तिरपा असतो. सावली आपल्या उंचीपेक्षा लहान पडते तेव्हाचं ऊन कामाचं. थोडाच वेळ, डोक्यावर टोपी, हातपाय उघडे. काचेच्या आत बसून उपयोग नाही, काच ते किरण अडवते.

नवखा_बाबा

बाप रे. हे कुणीच सांगितलं नव्हतं. फोन केला, उद्या सकाळची वेळ मिळाली.

म्युनिकवासी

इथे जर्मनीत प्रत्येक बाळाच्या खुब्याची सोनोग्राफी करतात, चौथ्या-पाचव्या आठवड्यात, यू-थ्री म्हणतात त्या तपासणीत. १९९६ पासून सगळ्यांनाच आहे, लक्षण असो नसो. माझ्या मुलीचा डावा खुबा त्यात थोडा उथळ निघाला. मांड्या फाकवून ठेवणारा पट्टा काही आठवडे लावला, नंतरच्या सोनोग्राफीत नॉर्मल. आई पुण्याहून आली होती, ती तो पट्टा बघून रडली होती, आणि इथली नर्स म्हणाली की भारतात तर बायका मुलांना कमरेवर घेतात ना, तेच आम्ही पट्ट्याने करतोय. आईने मग सहा महिने मुलीला कडेवरून खाली ठेवलंच नाही.

मुद्दा हा की भारतात सरसकट सोनोग्राफी होत नाही, मग आईबापांनी काय बघायचं?

सातारची_ताई

मी इतके दिवस हा धागा नुसता वाचत होते, लिहू की नको करत होते. लिहिते.

माझी मुलगी पहिलटकरणीची, पायाळू, सिझेरियन. नंतर कळलं की पहिली मुलगी आणि पायाळू या दोन्ही गोष्टी असल्या की खुबा तपासून घ्यायलाच हवा होता. कुणी सांगितलं नाही आणि मला माहीत नव्हतं. लंगोट बांधताना डावी मांडी उजवीइतकी उघडायची नाही, बाई म्हणायची आखडलंय, मालिश करते, सुटेल. मांडीच्या वळ्या पण दोन्हीकडे सारख्या नव्हत्या, माझ्याकडे तिचे उघडे फोटो आहेत त्यात आता स्पष्ट दिसतं. १६ महिन्यांची चालायला लागली तर एका बाजूला झुकत चालायची. दुखायचं काहीच नाही, हसत खेळत चालायची. आम्ही तीन ठिकाणी दाखवलं. एकीकडे म्हणाले नवीन चालतेय, तोल जातो. दुसरीकडे टॉनिक दिलं. तिसऱ्यांनी पावलं बघितली आणि बूट लिहून दिले. एकानेही तिला झोपवून गुडघे दुमडून दोन्ही गुडघ्यांची उंची बघितली नाही. २ वर्षं २ महिन्यांची असताना एका ताईने, ती अंगणवाडी सेविका होती, तिने म्हटलं की हिचा एक पाय आखूड आहे, एक्स-रे काढा. तेव्हा निघालं, डावा गोळा वाटीच्या बाहेर, वर सरकलेला.

पहिल्या महिन्यांत पट्ट्याने भागलं असतं. आमचं ऑपरेशन झालं, मांडीचं हाड कापून वळवलं, वाटीचं पण केलं, आणि मग छातीच्या खालपासून दोन्ही पायांना प्लास्टर, मध्ये दांडी. तीन महिने. आंघोळ नाही, नुसतं ओल्या फडक्याने पुसायचं. लहान डायपर प्लास्टरच्या आत सरकवायचा आणि वरून मोठा लावायचा, हे वॉर्डमधल्या दुसऱ्या आईने शिकवलं. खाज सुटली की रडायची, हेअर ड्रायर थंड हवेवर ठेवून आत हवा मारायचे. प्लास्टर निघाल्यावर पाय इतके बारीक झाले होते, उभी राहायला घाबरायची, चालायला परत शिकवलं. आज ६ वर्षांची आहे, चांगली चालते, पळते पण. दरवर्षी एक्स-रे असतो.

मी हे भीती घालायला लिहीत नाही. नाशिकच्या ताई, तुमच्या मुलीचं दोन्ही बाजूंना सारखं आहे, माझ्या मुलीचं एकाच बाजूला होतं. माझ्या घरात सगळे ती कशी बसते, पावलं कशी टाकते यावर बोलत होते आणि डावं उजवं कुणी ताडून बघितलं नाही. मी पण नाही.

फिजिओ_ठाणे

सातारच्या ताई, लिहिलंत हे फार बरं केलंत.

म्युनिकवासी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर ताईंच्याच लिहिण्यात आहे. मी त्यात एवढंच घालते की दीड वर्ष पूर्ण होऊनही चालत नसेल, किंवा दीड वर्षाच्या आतच मूल एकच हात वापरत असेल आणि दुसरी मूठ आवळलेली, किंवा पाय कडक, कात्रीसारखे एकमेकांवर जातात, किंवा आधी येत होतं ते यायचं बंद झालं, तर बसण्याच्या पद्धतीकडे न बघता थेट दाखवायचं. कमी दिवसांच्या बाळांमध्ये तर जास्तच लक्ष. ३-४ वर्षांचा मुलगा जमिनीवरून उठताना स्वतःच्या गुडघ्यांवर, मांड्यांवर हात ठेवत ठेवत अंगावर चढल्यासारखा उठत असेल आणि पोटऱ्या जाड असतील तर तेही लगेच, तो स्नायूंचा आजार असू शकतो. आणि गुडघ्याला गुडघा लावून उभं केल्यावर दोन घोट्यांमध्ये ८ सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर असेल, किंवा दोन पायांत फरक असेल तर पण.

दोन_पोरांची_आई

सपाट पावलांचं पण सांगा कुणीतरी, धाकट्याचं पाऊल ओल्या फरशीवर अख्खं उमटतं.

फिजिओ_ठाणे

लहानपणी तळव्यात चरबी असते त्यामुळे बहुतेकांचं तसंच उमटतं. चवड्यांवर उभं करा, कमान दिसली आणि दुखत नसेल तर काही करायचं नाही. घरात अनवाणी खेळू द्या. आणि वर कुणी विचारलं नाही पण सांगते, आत बसवायचा चाकाचा वॉकर आणू नका. कॅनडात २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे. मूल त्यात चवड्यांवर ढकलत राहतं, चालणं लवकर येत नाही, आणि जिन्यावरून, मोरीत पडण्याचे अपघात होतात. आपला जुना लाकडी पांगुळगाडा मूल स्वतः उभं राहून ढकलतं, तो वेगळा, लक्ष ठेवून चालेल.

कोल्हापूरची_आजी

सातारच्या ताईंचं वाचून पोटात कालवलं. बाईला पाय ओढू नको असं सांगते आता, सुनेच्या बाळंतपणाला दोन महिने आहेत. चांगल्यासाठीच करत होतो ओ सगळं.

लेकीची_आई_नाशिक

आमच्या मुलांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले, हाडांच्या डॉक्टरांकडे जायची वेळ आली नाही. तिला पालथं झोपवून गुडघे काटकोनात दुमडले आणि पावलं बाहेरच्या बाजूला सोडली तर दोन्ही पाय जवळजवळ आडवे पडले, म्हणजे मांड्या आतल्या बाजूला सहज वळतात, फिजिओताई म्हणाल्या तेच. दोन्हीकडे सारखं. खुबे उघडून बघितले, पायांची लांबी बघितली, तिला पळवलं, जमिनीवरून उठायला लावलं. सगळं नीट आहे. एक्स-रे नाही, औषध नाही, सहा महिन्यांनी दाखवा म्हणाले. आईला फोन केला तर ती म्हणते तू पहिलीपर्यंत तशीच बसायचीस, मला वाटलं तुला आठवतंय!

घरात सगळ्यांना सांगितलंय की तिला टोकायचं नाही. आजींचा पाट आणलाय, त्यावर बसली की पाय आपोआप खाली सरळ येतात, आणि फिजिओताईंचं वाचून मी तिचे ठोकळे एकाच ठिकाणी न ठेवता थोडे मागे, थोडे बाजूला ठेवते म्हणजे ती वळते, उठते, उकिडवी बसते. पाळणाघरातल्या ताईंना पण नीट समजावून सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं.

आणि अजून एक लिहायचं होतं. सातारच्या ताईंचं वाचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे कामाला येतात त्या मावशी नातवाला घेऊन आल्या होत्या, पावणेदोन वर्षांचा आहे. तो ओट्यापासून दारापर्यंत चालत गेला आणि मी बघतच राहिले, एका बाजूला झुकतोय. मावशी म्हणाल्या चालच तशी आहे त्याची, बापासारखी. मी त्याला सतरंजीवर झोपवलं, गुडघे दुमडले, पावलं शेजारी शेजारी टेकवली. उजवा गुडघा खाली राहिला. माझे हात थरथरत होते.

कुठे न्यायचं कळेना, दवाखान्याचा खर्च त्यांना झेपणारा नाही.

निवृत्त_बालरोगतज्ज्ञ_सोलापूर

थांबू नका. सरकारी जिल्हा रुग्णालयात डीईआयसी नावाचा विभाग असतो, जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली चालतो, २०१३ साली आपल्या पालघरमधूनच त्याची सुरुवात झाली, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. खुब्याचा हा दोष त्यांच्या यादीत आहे, तपासणी आणि पुढचे उपचार त्यातून होतात, ऑपरेशन लागलं तरी. अंगणवाडीत त्यांचं पथक वर्षातून दोनदा येतं, पण त्याची वाट बघू नका, थेट घेऊन जा. बाळाची लसीकरणाची फाइल आणि डिस्चार्ज कार्ड असेल तर बरोबर ठेवा.

सातारची_ताई

ताई, मावशींना माझा नंबर द्यायचा असेल तर मला मेसेज करा. प्लास्टरची वेळ आली तर मी सगळं सांगेन त्यांना, डायपरपासून.

लेकीची_आई_नाशिक

केलाय मेसेज. आज सिव्हिलला जाऊन आलो, मी सुट्टी टाकली होती. तिथल्या मॅडमनी त्याला फक्त चालवलं आणि लगेच हाडांच्या ओपीडीत पाठवलं. मावशी सगळा वेळ विचारत होत्या की मालिश कमी पडलं का माझं. मॅडम म्हणाल्या नाही हो आजी, तुमचं काही चुकलेलं नाही. गुरुवारी एक्स-रे आहे. झाला की इथे लिहिते.